कोनशिला म्हणजे उद्घाटनाची पाटी नव्हे

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी 29 वर्षांची आहे, नोकरीनिमित्त पिंपरीत राहते. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून वडील बोलत नाहीत. आई फोन उचलते, पण दोन मिनिटांत ठेवते. यंदा शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या वर्गात) शिकवायला नाव दिलं, तर कमिटीने 'अजून नवीन आहात' म्हणून वगळलं. धीर द्यायला एका मैत्रिणीने कार्ड दिलं, त्यावर बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोनशिला झाला हे वचन आहे. वाचून खूप रडले, बरंही वाटलं. आता महिला मंडळाने याच वचनावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. हे वचन माझ्याबद्दल आहे का? ज्यांनी मला नाकारलं त्यांना एक दिवस कळेल, असा अर्थ घ्यायचा का? मंडळात काय बोलू? आणि वडिलांना हे वचन लिहून पाठवावंसं वाटतं, पाठवू का?

सप्रेम सलाम.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. वडिलांना हे वचन पाठवू नका. कार्डावर आपल्याला फक्त दगड दिसतो, पण त्या वाक्यात बांधणारेही आहेत, आणि ज्याच्या हाती तुम्ही ते द्याल तो आपसूक बांधणारा ठरतो. तुमच्या मनात असेल, 'बाबा, देवाने मला सांभाळलं.' ते वाचतील, 'तुम्ही चुकलात, आणि एक दिवस ते सगळ्यांना दिसेल.' तीन वर्षं अबोला असलेल्या घरात ही ओळ टोमणा म्हणूनच पोचेल.

आता वचन. मराठी माणसाची पहिली अडचण शब्दापाशीच होते. आपल्याकडे कोनशिला म्हटली की संगमरवरी पाटी डोळ्यांपुढे येते: अमुक यांच्या शुभहस्ते, खाली तारीख, वर झेंडूचा हार. अशी पाटी बऱ्याच चर्चच्या भिंतीतही असते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. ती पाटी उद्या कोणी उखडून नेली तरी इमारत जागची हलत नाही. हे चित्र मनात ठेवून वचन वाचलं की 'आधी नाकारलं, मग मान मिळाला, नाव कोरलं गेलं' एवढाच अर्थ हाती लागतो. कार्ड वाचून तुम्हाला जे बरं वाटलं, ते बहुधा याच अर्थाने.

दगडी बांधकामातला कोपऱ्याचा दगड मात्र काम करणारा दगड असतो. गवंडी आधी कोपरे उभे करतो, मग दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणून मधली भिंत भरतो. कोपऱ्यातल्या दगडाची दोन तोंडं बाहेरून दिसतात, म्हणून दोन्ही घडवलेली आणि एकमेकांशी काटकोनात लागतात. थर चढताना या दगडाची लांब बाजू एकदा या भिंतीत जाते, एकदा त्या भिंतीत. दोन भिंती एकमेकींना धरून राहतात त्या यामुळे. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघायची जुनी रीत आजही साइटवर चालते: एका भिंतीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 फूट यायला हवं. ते 5 फूट 1 इंच आलं तर कोपरा सुमारे दोन अंशांनी फाकलेला आहे. एक इंच काही वाटत नाही, पण त्याच रेषेत 40 फूट भिंत नेली तर टोकाला ती सव्वा फुटाहून जास्त बाहेर गेलेली असते. पहिल्या दगडाची चूक शेवटचा दगड भोगतो. यशयाच्या 28व्या अध्यायात 16व्या वचनात देव सीयोनात, म्हणजे यरुशलेमेत, मोलाचा, पारखलेला दगड बसवतो, आणि लगेच 17व्या वचनात न्यायाची दोरी व नीतिमत्तेचा ओळंबा येतो. त्या काळच्या ऐकणाऱ्याला हा जोड समजावून सांगावा लागत नव्हता.

कार्डावरचं वचन मुळात स्तोत्र 118 मधलं आहे, वचन 22. तिथले हिब्रू शब्द आहेत 'रोश पिन्ना', म्हणजे कोपऱ्याचं डोकं. हा दगड पायाच्या कोपऱ्यातला की वर शेवटी बसवायचा, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. जखर्‍याच्या चौथ्या अध्यायात वरचा दगड आहे, यशयात पायाचा. पेत्राच्या पहिल्या पत्रात लोक त्याला अडखळतात, म्हणजे तो जमिनीलगत हवा. लूकच्या 20व्या अध्यायात तो कोणावर तरी पडतो, म्हणजे उंचावर हवा. महिला मंडळात या वादात शिरू नका. दोन्हीकडे मुद्दा एकच राहतो: इमारतीची रेषा त्या दगडावरून ठरते.

मग हे वचन कोणाबद्दल आहे? तुमच्याबद्दल नाही. निदान पहिल्यांदा नाही. हे ऐकून थोडं वाईट वाटेल, पण पुढे वाचा.

स्तोत्र 113 ते 118 हा संच यहुदी लोक 'हालेल' म्हणून सणांत गातात, वल्हांडणाच्या (मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या) रात्रीही. 118व्यात बोलणारा मरणाच्या तोंडातून परत आलेला आहे आणि लोकांसह मंदिराच्या दारापाशी पोचला आहे. तो राजा आहे की साम्राज्यांनी कस्पटासमान लेखलेलं सगळं राष्ट्र, हे दोन्ही अंगांनी वाचलं गेलं आहे. या स्तोत्राच्या जुन्या अरामी रूपांतरात तर दगडाच्या जागी इशायाच्या मुलांमधला, बांधणाऱ्यांनी सोडून दिलेला पोरगाच येतो, म्हणजे दावीद. 1 शमुवेल 16 आठवा: सात मुलं शमुवेलापुढून गेली आणि धाकट्याला मेंढरांमागून बोलवायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

येशू हे वचन उच्चारतो ते द्राक्षमळ्याच्या दाखल्यानंतर, मार्क 12, मत्तय 21 आणि लूक 20 मध्ये. जागा लक्षात ठेवा: यरुशलेमेतलं मंदिर. हेरोद राजाने त्याचं काम सुरू केलं ते इ.स.पू. 20 च्या आसपास, आणि ते अजून चालूच होतं. योहान 2:20 मध्ये लोक 46 वर्षांचा हिशेब सांगतात. त्या आवाराच्या पश्चिम भिंतीतला एक दगड आजही भुयारात दिसतो, लांबी 13 मीटरहून जास्त. म्हणजे 'बांधणारे' हा शब्द तिथे हवेत सोडलेला नव्हता. पुढच्याच अध्यायाच्या सुरुवातीला एक शिष्य म्हणतो, गुरुजी, काय हे दगड! मार्कने हे शेजारी शेजारी ठेवलं आहे. दोन दिवस आधी लोकांनी 'होसान्ना' म्हणून जी आरोळी ठोकली, तीही याच स्तोत्राच्या 25 व 26व्या वचनांतली. आणि शेवटच्या भोजनानंतर गीत गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले असं मार्क 14:26 सांगतो. ते वल्हांडणाचं भोजन होतं, म्हणजे गीत बहुधा हालेलचा शेवटचा भाग, ज्यात हे स्तोत्र येतं. पकडून नेण्याआधी काही तास 'नाकारलेला दगड' त्याच्या स्वतःच्या ओठांवर असावा.

दाखल्यात कुळं मालकाच्या मुलाला मारून मळ्याबाहेर फेकतात. पुढे मालक येऊन त्यांचा नाश करतो, मळा दुसऱ्यांना देतो. हिशेब पुरा होतो, पण मुलगा मेलेलाच राहतो. मळ्याच्या गोष्टीत त्याला परत आणायला जागाच नाही. म्हणून येशू मळा सोडून एकदम दगडावर येतो. हिब्रूत मुलगा म्हणजे 'बेन' आणि दगड म्हणजे 'एबेन'; ऐकणाऱ्यांच्या कानाला उडी लांब वाटली नसणार. मुलाच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग स्तोत्र सांगतं. हे वचन पुनरुत्थानाचं आहे, नोकरीत, नात्यात किंवा कमिटीत उशिरा मिळालेल्या न्यायाचं नव्हे. प्रेषितांची कृत्ये 4:11 मध्ये न्यायसभेपुढे पेत्र ते तसंच वापरतो: तुम्ही वधस्तंभावर दिलं, देवाने उठवलं.

'नाकारलेला' या शब्दालाही वजन आहे. शुभवर्तमानांतलं ग्रीक क्रियापद नाणं किंवा धातू पारखण्याच्या कुळातलं आहे: पारखून बघितलं आणि बाजूला टाकलं. मार्क 8:31 मध्ये वडील (म्हणजे लोकांचे पुढारी), मुख्य याजक आणि शास्त्री आपल्याला नाकारतील असं येशू सांगतो, तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे नाकारणारे अडाणी नव्हते, धंद्यातले जाणकार होते. त्यांनी तपासलं आणि 'चालत नाही' म्हणाले. न्यायसभेपुढे मात्र पेत्र शब्द बदलतो, तिथला शब्द 'तुच्छ मानला' असा आहे. दोन वेगळी दुखणी आहेत ही. तुमच्या कमिटीने तुम्हाला तपासून बाजूला ठेवलं की न बघताच तुच्छ लेखलं, हे तुम्ही स्वतःला विचारायला हवं, कारण दोन्हींवर उपाय वेगळे.

इथे एक सावधगिरी. शलमोनाच्या मंदिराच्या वेळी एक विचित्र आकाराचा दगड गवंड्यांनी गवतात फेकला आणि शेवटी तोच बसला, अशी गोष्ट संदेशांत रंगवून सांगतात. ती पवित्र शास्त्रात नाही. 1 राजे 6:7 एवढंच म्हणतं की दगड खाणीतच घडवून आणले, मंदिरापाशी हातोड्याचा आवाज झाला नाही. नाकारण्याचं कारण स्तोत्र सांगतच नाही. 'मी वेगळी आहे म्हणून मला नाकारलं' हा आपला लाडका अर्थ आपण त्या रिकाम्या जागेत भरतो.

तुमची जागा आहे ती पेत्राच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या 4 आणि 5 वचनांत. तो जिवंत दगड, त्याच्याजवळ येणारे तुम्हीही जिवंत दगड, आणि सगळे मिळून रचले जाणारं घर. पत्र कोणाला आहे बघा: पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया, बिथुनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या प्रांतांत विखुरलेले, परके आणि प्रवासी म्हणवले जाणारे लोक. विश्वासामुळे शेजारपाजारचे त्यांना वाईट बोलत होते, जुने सोबती नवल करत आणि निंदा करत होते (4:4). तुमच्या परिस्थितीच्या इतकं जवळचं दुसरं पत्र नव्या करारात सापडायचं नाही. आणि या लोकांना पत्र असं म्हणत नाही की तुम्ही कोनशिला व्हाल. कोनशिला एकच असते. दुसरी कोणी कोनशिला व्हायला निघाली की दोन दोऱ्या ताणल्या जातात आणि भिंत वाकडी होते. पत्र म्हणतं, तुम्ही तिच्या रेषेत बसवले जात आहात. आमच्या मते हा दिलासा कार्डावरच्या दिलाशापेक्षा मोठा आहे, कारण तो कोणाच्या पश्चात्तापावर अवलंबून नाही. वडिलांना कधी पटलं नाही तरी तुमची जागा रिकामी होत नाही.

ज्याच्या नावाने हे पत्र आहे त्याच्याकडेही बघा. मत्तयच्या 16व्या अध्यायात त्याला 'खडक' हे नाव मिळतं आणि पाचच वचनांनी त्यालाच 'तू मला अडखळण आहेस' असं ऐकावं लागतं. पुढे तोच तीनदा नाकारतो. आपण कायम नाकारला गेलेला दगडच असतो असं नाही. कधी आपणही नाकारणारे असतो.

आता 'एक दिवस त्यांना कळेल' याबद्दल. यशया 28:16 च्या शेवटी हिब्रूत म्हटलंय की भाव ठेवणारा उतावळा होणार नाही. ग्रीक रूपांतरात आणि पेत्राच्या पत्रात तेच 'फजीत होणार नाही' असं होतं. दोन्ही जवळजवळ ठेवून वाचा. दुसऱ्याची फजिती होईल असं या दोन्हींत नाही, तुमची होणार नाही एवढंच आहे. आणि घाई नको. 'त्यांना कळेल' ही इच्छा बहुतेक वेळा घाईच असते, फक्त तिला भक्तीचे कपडे चढवलेले असतात.

घरच्यांच्या बाबतीत आधी ओळंबा लावा. पेत्राचं पत्र स्वतःच तो देतं: 2:20 विचारतं की चुकीबद्दल मार खाल्ला तर त्यात मोठेपणा कसला, आणि 4:15 मध्ये खुनी, चोर यांच्या रांगेत 'दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा'ही बसवला आहे. एका कागदावर घरच्यांनी नेमके कोणते शब्द वापरले ते लिहा, अर्थ नको, शब्दच. प्रत्येकापुढे लिहा: हे माझ्या विश्वासाबद्दल आहे की मी वागले त्याबद्दल? बाप्तिस्म्याची बातमी त्यांना तुमच्याकडून कळली की तिसऱ्याकडून? गणपतीत घरी जायचं टाळलं असेल, तर आरतीला न थांबता नुसतं भेटून येता आलं असतं का? आजीच्या देव्हाऱ्याबद्दल काही बोललात का? यातलं जे तुमच्या बाजूचं निघेल त्याची माफी मागता येते, विश्वास न सोडता. 'बाबा, तुम्हाला दुसऱ्याकडून कळलं, ते माझं चुकलं' या वाक्यात ख्रिस्ताला नाकारणं नाही.

मग आईचे दोन मिनिटांचे फोन. ते वाढवायला जाऊ नका. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी करा, तिच्या गुडघ्याची, गॅस सिलेंडरची, शेजारच्या लग्नाची चौकशी करा आणि ती ठेवायच्या आत तुम्हीच ठेवा. फोन आला की धर्माचा विषय निघणार, ही तिची धास्ती जायला काही महिने लागतात. विषय तिने काढला तर 1 पेत्र 3:15 उत्तर द्यायला सांगतं, पण सौम्यतेने आणि आदराने. हा दुसरा अर्धा भाग आपण फार वेळा विसरतो. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. आधी संसार पुन्हा एकत्र आला, त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा आणि त्यांच्या स्वतःच्या विचाराने. तुमच्या घरी तसंच होईल असं नाही, पण क्रम बघण्यासारखा आहे. आणि हेही स्पष्ट सांगतो: मारहाण, कोंडून ठेवणं, कागदपत्रं काढून घेणं असं कधी झालं तर ते 'वधस्तंभ वाहणं' समजून सोसू नका, महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 आहे.

कमिटीचं थोडक्यात. 'नवीन आहात' यामागे बहुतेक वेळा 1 तीमथ्य 3:6 असतं, नवशिक्याला नेमू नये म्हणून. पण ते वचन अध्यक्षपदाबद्दल आहे, सात वर्षांच्या मुलांना दाविदाची गोष्ट सांगण्याबद्दल नाही. पाळकांना एकट्याने भेटून तीन गोष्टी विचारा: किती काळाची अट आहे, ती कुठे लिहिलेली आहे, आणि तोवर मदतनीस म्हणून बसता येईल का. उत्तर मिळालं तर तुम्हाला पारखून थांबवलं आहे, तेव्हा थांबा. तिन्हींना टोलवाटोलवी झाली तर सचिवांना दोन ओळींचं पत्र द्या आणि प्रत ठेवा. महिला मंडळाच्या संदेशातून कमिटीला चिमटा काढायचा मोह होईल. तेवढा टाळा.

संदेशासाठी पंधरा मिनिटं म्हणजे सावकाश बोललं तर साधारण दीड हजार शब्द. त्यात स्तोत्र, दाखला आणि पत्र तिन्ही सविस्तर मावत नाहीत. पेत्राचं पत्र मुख्य धरा, दाखल्याला चार मिनिटं. सुरुवातीला साडेबारा फूट सुतळी न्या. तिच्यावर एकेका फुटावर पेनाने खूण करा, एकूण 12 फूट. गाठी मारू नका, प्रत्येक गाठ लांबी खाते आणि कोन चुकतो. पहिली आणि शेवटची खूण जुळवून एकीने धरायची, तिथून 3 फुटांवर दुसरीने, त्यापुढे 4 फुटांवर तिसरीने. सुतळी ताणली की दुसरीच्या हातात काटकोन तयार होतो. प्लॅस्टिकची दोरी नको, ती ताणते. आता त्या दुसरीला अर्धा फूट सरकायला सांगा. बाकी दोघी जागच्या न हलताही कोन बिघडतो आणि कुठे सुतळी ढिली पडते, कुठे ओढली जाते. याला दोन मिनिटं लागतात आणि 'कोनशिला' शब्दावरची पाटी कायमची निघते.

दोन गोष्टी बोलताना सांभाळा. 'बांधणारे' म्हणजे सगळे यहुदी असं म्हणू नका. येशू यहुदी, पेत्र यहुदी, स्तोत्र यहुदी, आणि दाखल्यात दोष पुढाऱ्यांवर आहे. हे वचन परक्यांवर फेकायचा धोंडा झालं की इतिहासात त्याचे परिणाम फार वाईट झाले आहेत. दुसरं, शेंदूर लावलेल्या दगडावरचा विनोद. या विषयावर तो हमखास सुचतो, खोलीत हशाही पिकतो, आणि त्या हशात तुमचं माहेर असतं.

जोडीला इफिसकरांस पत्र 2:14 ते 20 घेतलंत तर कोपऱ्याने जोडलेल्या दोन भिंती म्हणजे यहुदी आणि परराष्ट्रीय (यहुदी नसलेले), हे सांगता येईल. यरुशलेमेच्या मंदिरात परक्यांना आत न येण्याची ताकीद देणारा ग्रीक शिलालेख होता, ओलांडलं तर मरण. तो 1871 मध्ये सापडला आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. भिंत पाडली गेली असं पौल लिहितो तेव्हा असा दगड त्याच्या वाचकांना ऐकून माहीत असावा.

वाचन 1 पेत्र 2:4 ते 10 ठेवा आणि ते दुसऱ्या कोणाला तरी वाचू द्या, म्हणजे तुमचा आवाज भरून आला तरी वाचन अडणार नाही. मत्तय 21:44 वर काही बांधू नका, काही जुन्या हस्तलिखितांत ते वचन नाही. तोच मजकूर हवा असेल तर लूक 20:18 घ्या.